दाभोळला उतरलेला राजपुत्र

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या अंगावर आलं, तेव्हा माझा मित्र ‘एर्तुग्रुल’च्या दुसऱ्या सीझनमध्ये होता. लॉकडाऊनमध्ये त्याच्या मोहल्ल्यात घराघरांत ती तुर्की मालिका उर्दूतून चालायची. आधी पोरं बघत होती, मग त्यांच्या आया, शेवटी म्हातारे. वादळानं एका दुपारीत सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. ज्या रोठा सुपारीवर गावाचं नाव चालतं, तिची झाडं काड्यांसारखी मोडून पडली. वीज गेली ती आमच्या आळीत महिनाभर आली नाही. एर्तुग्रुल कुठल्यातरी किल्ल्यात कैद झाला होता, तो तिथंच राहिला.

अशाच एका संध्याकाळी जीवना बंदराच्या धक्क्यावर बसलो होतो. तो म्हणाला, “या तुर्कांपैकी कोणी आपल्याकडे आलं होतं का रे?”

मी तेव्हा इतिहासात एम.ए. करत होतो. म्हणजे सगळं माहीत असल्याच्या वयात होतो. म्हटलं, “आला होता एक. पण तो राजपुत्र होता ही थाप आहे.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमचे पूर्वज बसऱ्याहून आले असं दादी सांगते. ती पण थापच का?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला मी पुन्हा त्या माणसाकडे गेलो. त्याचं नाव युसुफ आदिल खान. विजापूरच्या आदिलशाहीचा मूळपुरुष.

आधी गोष्ट, जशी फरिश्ता सांगतो तशी. १४५१ साली उस्मानी सुलतान दुसरा मुराद वारला आणि त्याचा मुलगा मेहमद गादीवर आला. हाच तो, ज्यानं दोन वर्षांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. गादीला दुसरा दावेदार नको म्हणून भावांना संपवायचं ठरलं. युसुफच्या आईनं साव्याच्या एका व्यापाऱ्याकडून मुलासारखा दिसणारा एक गुलाम पोरगा विकत घेतला. मारेकऱ्यांच्या हाती तो पोरगा गेला आणि युसुफ व्यापाऱ्याबरोबर इराणात पोचला. (त्या दुसऱ्या पोराचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला राहून राहून त्याचीच आठवण येते.) युसुफ साव्यात वाढला. तरुण झाल्यावर गुपित फुटायची वेळ आली, तेव्हा स्वप्नात ख्वाजा खिज्र आले आणि हिंदुस्थानात जा म्हणाले. १४६०च्या आसपास होर्मुझकडून आलेल्या जहाजातून हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दाभोळ बंदरात उतरला.

आता दाभोळ म्हणजे आम्हाला काही लांबचं नाही. हरिहरेश्वरवरून बागमांडल्याला जायचं, फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि दाभोळ. उत्तरेला चौल, दक्षिणेला दाभोळ, मध्ये आम्ही. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच काळात विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात चढला.

घोडा लक्षात ठेवा, कारण युसुफचं नशीब घोड्यानंच उघडलं. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे. बहमनी सुलतान, विजयनगरचे राय, सगळेच अरबी आणि इराणी घोड्यांसाठी हवी ती किंमत मोजत. त्याच जहाजांतून माणसंही येत: सैनिक, मुन्शी, हकीम, गुलाम. बहमनींचा प्रसिद्ध वजीर महमूद गावानही १४५३ साली व्यापारी म्हणून दाभोळलाच उतरला होता. युसुफ गुलाम म्हणून बिदरला विकला गेला आणि गावानच्या छायेत आला. त्याला शाही पागेत काम मिळालं आणि पुढे तो पागेचा प्रमुख झाला. ज्या राज्याचा जीव घोडदळात आहे, तिथं पागेचा प्रमुख म्हणजे साधी असामी नव्हे.

बिदरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते. दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथले. आणि आफाकी, म्हणजे जहाजातून आलेले. भांडण धर्माचं नव्हतं. नोकऱ्या, जहागिरी आणि ‘बाहेरून येऊन आमच्या डोक्यावर बसतात’ याचं होतं. हे वाक्य तुम्ही कुठल्या शहरात ऐकलंय ते आठवा. या भांडणात गावानचा बळी गेला. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानानं त्याचं डोकं उडवलं. युसुफ गावानला बापाच्या जागी मानायचा. तो मोहिमेवर होता म्हणून वाचला, पुढे विजापूरची सुभेदारी घेऊन बसला आणि १४९० मध्ये जवळपास स्वतंत्रच झाला. ‘जवळपास’ म्हणतो, कारण तो शेवटपर्यंत ‘आदिल खान’च राहिला, ‘शाह’ हे बिरूद पुढच्या पिढ्यांनी लावलं, असं बरेच अभ्यासक मानतात.

मग राजपुत्राचं काय? फरिश्त्यानं हे लिहिलं ते युसुफ गेल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी, विजापुरात, युसुफच्याच वंशजाच्या, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहून. धन्याच्या खापरपणजोबाला कोण गुलाम म्हणेल? त्याच दरबारात त्याच सुमारास लिहिणारा रफीउद्दीन शिराझी वेगळंच सांगतो. त्याच्या मते युसुफ साव्याच्या एका सरदार घराण्यातला, आक-कोयुनलू म्हणजे ‘पांढऱ्या मेंढीवाल्या’ तुर्कमानांपैकी. ही गोष्ट कमी चमकदार आहे आणि म्हणून मला जास्त खरी वाटते. दोन्ही गोष्टींत एक शब्द मात्र ठाम आहे: सावा. पोर्तुगीज त्याला ‘सबायो’ म्हणत, तो साव्याचा म्हणून. मराठी कानाला ‘सवाई’ म्हणजे सव्वापट. तेही त्याला वाईट दिसलं नसतं.

फरिश्त्याची कथा खरी धरली, तर मालिकेतला एर्तुग्रुल युसुफच्या सात पिढ्या आधीचा पूर्वज होतो. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. मी मुद्दाम लगेच ‘पण’ म्हटलं नाही.

शिवाय बाकीच्यांकडे पाहा. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातून आलेला. वऱ्हाडच्या इमादशाहीचाही जन्मानं कानडी ब्राह्मण. गोवळकोंड्याचा कुली कुत्बशाह कारा-कोयुनलू, ‘काळ्या मेंढी’चा. प्रत्येकाला सिंहासनाखाली ठेवायला एखादी वंशावळ हवी होती. आणि माझ्या घरी काय सांगतात? परशुरामानं समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं जिवंत केली आणि त्यांतून आम्ही चित्पावन झालो. हे मी लहानपणी मान डोलावून ऐकलं होतं. थाप म्हणालो नव्हतो.

युसुफबद्दलची मला सर्वांत आवडणारी हकिकत लढाईची नाही. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदारानं त्याच्याविरुद्ध बंड केलं. तह झाला आणि युसुफनं मुकुंदरावाच्या बहिणीशी लग्न केलं. दरबारात तिचं नाव पडलं पुंजी खातून. तिचा मुलगा इस्माईल पुढचा सुलतान झाला. मुलगी मरियम १५२४ साली सोलापुरात बुऱ्हाण निजामशहाला दिली. म्हणजे ज्या निजामशाहीत तेव्हा आमचा हा किनारा होता, तिच्या राजवाड्यात एका मराठा बाईची लेक नांदायला गेली. (आंदणातलं सोलापूर मिळालं नाही म्हणून पुढे दोन्ही घराणी कितीतरी वर्षं लढत राहिली, तो भाग वेगळा.)

बाकी युसुफचं पटकन सांगतो. १५०२ मध्ये त्यानं शिया पंथाचा खुत्बा वाचवला, शेजारी चालून आले, त्याला वऱ्हाडात पळावं लागलं, मग परतला. १५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी त्याचं दाभोळ जाळलं. ज्या बंदरात तो कोवळ्या वयात उतरला होता तेच. १५१० हे त्याचं शेवटचं वर्ष. आल्बुकर्कनं गोवा घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेनं परत मिळवलं, नोव्हेंबरात ते कायमचं गेलं. युसुफची कबर विजापूरच्या घुमटांमध्ये नाही. ती आजच्या यादगीर जिल्ह्यात गोगी नावाच्या गावी आहे, एका सूफी संताच्या दर्ग्याजवळ.

इस्माईल लहान होता. कारभारी कमाल खानानं गादी बळकवायचा डाव रचला. फरिश्ता सांगतो की तेव्हा पुंजी खातून आणि युसुफची नातलग दिलशाद आगा अंगात चिलखत घालून वाड्याच्या तटावर उभ्या राहिल्या. एक मराठा, एक तुर्क. डाव उधळला गेला.

हे सगळं मी मित्राला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, वाडीतली झाडं ओढता ओढता, पावसाळाभर. तो शब्द मागे घेतो, असंही म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली. वीज आल्यावर त्यानं एर्तुग्रुल पुढे बघितला की नाही, ते मी विचारलं नाही.

एक दिवस आम्ही दोघं त्याच्या दादीकडे गेलो. विचारलं, बसऱ्याहून आले ते कुठल्या बंदरात उतरले? दादी सुपारी कातरत होती.

“बंदर काय मला ठाऊक नाही बाबा,” ती म्हणाली. “पण संगती घोडे होते म्हणतात.”

“घोडे आपले होते?” मित्रानं विचारलं.

“आपले कसले? आपण ते सांभाळायला होतो,” असं म्हणून तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि आम्हाला चहा घेणार का विचारलं.