बेथेल : जालन्याजवळील एक अभयस्थान

एकोणिसाव्या शतकांतील धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे बहुधा खंडनमंडनाच्या ग्रंथांवरून लिहिला जातो. ते ग्रंथ जपून राहिले, म्हणून वाद तेवढाच घडला असा समज होतो. परंतु मत पालटणाऱ्या मनुष्यास रात्रीं स्वस्थ झोंप कशाच्या आधारें लागली, हा प्रश्न निराळा आहे. जालना जिल्ह्यांतील बेथेल या वस्तीच्या वृत्तान्तावरून त्याचा उलगडा होतो, असें आम्हांस वाटतें.

वस्तीचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे जन्मानें ब्राह्मण. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेंत शिकून त्यांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याला सुप्रीम कोर्टानें वडिलांच्या स्वाधीन केलें. पुढें प्रायश्चित्त देऊन त्यास जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हां सनातन पक्षानें केवढा विरोध केला हें सर्वश्रुतच आहे. शास्त्रवचनें दोन्हीं बाजूंनीं निघालीं. मर्म मात्र एकच होतें. या मुलाच्या पंक्तीस बसणार कोण?

नारायणराव १८६० नंतरच्या दशकांत निजामाच्या राज्यांतील जालन्यास आले. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग जातीचे. ज्यांचें पोट गांवकीच्या चाकरीवर, त्यांस गांवाचा रोष म्हणजे उपासमार. त्यांचें भय वादांत जिंकून जाणारें नव्हतें. त्यास भूमि व शेजार पाहिजे होता. सर सालारजंग दिवाण असतां निजाम सरकारकडून जमीन मिळाली, आणि तीवर शेती, शाळा व प्रार्थनामंदिर यांसह बेथेल वसलें.

बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देवाचें घर’. भावाच्या भयानें पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजला, स्वप्नांत त्यास अभय मिळालें, व त्यानें त्या स्थळास हें नांव दिलें, अशी बायबलांत कथा आहे. भयभीतांच्या वस्तीस याहून अन्वर्थक नांव सांपडणें कठीण. पंक्तींतून उठविलेला ब्राह्मण आणि पंक्तींत कधींच न बसविलेले मांग येथें एका प्रार्थनेस बसले. त्यांचें धैर्य एकेकट्याचें नव्हे. तें एकमेकांपासून घेतलेलें होतें.

नारायणराव १८९१ सालीं वारले. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, वादग्रंथांबरोबर जुन्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, जमिनीचे कागद व घरगुती पत्रेंही जतन करावीं. कोणाचें मत काय होतें हें ग्रंथ सांगतात. भयाच्या वेळीं कोण कोणाजवळ बसलें, हें असल्या कागदांतच सांपडावयाचें.