आधी विचारा, मग टोचा



आज माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. २०२१ साली कोरोनाची लस गावात आली, तेव्हा आमच्या गटातल्या बऱ्याच बायका ती घ्यायला तयार नव्हत्या. मी बैठकीत म्हणून गेले, "जिनं लस घेतली नाही, तिचं नाव या वेळी कर्जाच्या यादीत नाही." सगळ्या गप्प झाल्या. एक आजी उठल्या, पदर सावरला आणि निघून गेल्या. त्या किल्लारीकडच्या, भूकंपातून वाचलेल्या. पुढे दोन महिने त्या बैठकीला आल्या नाहीत.

माझा बी.ए.ला इतिहास होता, पण तेव्हा परीक्षेपुरता वाचलेला. आजी गेल्यावर तो पुन्हा काढून वाचला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं साथरोगांचा कायदा केला. हाच कायदा २०२० साली कोरोनातही वापरला गेला. पुण्यात रँड साहेबाच्या हुकमानं गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊ लागले. स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरू लागले. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे आणि घरच्यांना छावणीत. बायकांना परक्या पुरुषांनी तपासल्याच्या तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या बायकांच्या हालांबद्दल वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. शेवटी २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या आजारी माणसांना आणायच्या. तसंच एका मुलाला पाठीवर घालून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग्याला घराबाहेर सोल्जरही काढत होते आणि सावित्रीबाईही. एकाचं नाव ऐकून लोक आजारी माणूस लपवायचे, दुसरीच्या पाठीवर लेकरू द्यायचे.

लसीचीही गोष्ट त्याच वर्षीची. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याच्याच नावानं आहे. पुढे आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांच्या समाजाची भीती कमी झाली. पण मधे एक पायरी होती. भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर लसीची चाचणी झाली. कैदी स्वखुशीनं पुढे आले, असं सांगतात. मला इथं प्रश्न पडतो, ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, त्याचा होकार किती मोकळा असेल? मग रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा होकार किती मोकळा? आणि कर्जाच्या यादीसाठी दिलेला?

म्हणून संकटातल्या माणसांना लस देऊच नये का? तसं नाही. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित आपल्या देशात आले. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत देवीची साथ पसरली, पण ती वेळेवर ओळखली गेली नाही, कांजिण्या समजली गेली. युद्ध संपल्यावर लोक मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर देवीही गेली. बांगलादेशातून १९७० सालीच गेलेला हा रोग परत आला. तो घालवायला १९७५ साल उजाडलं. तेव्हा उघड्यावर पडलेल्या माणसाला लस न देणं हाही अन्यायच. छावणीत दाटीवाटी असते, लेकरं अशक्त असतात, गोवर झपाट्यानं पसरतो. म्हणून अशा ठिकाणी गोवराची लस सगळ्यात आधी द्यावी, असं आज जगभर मानतात.

म्हणजे लस तर पोचलीच पाहिजे, पण धमकी देऊन नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, लसीचा एक तरी डोस असल्याशिवाय रेशन आणि पेट्रोल नाही, असा हुकूम निघाला. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारचं लसीचं धोरण अवाजवी नाही, पण कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही. आपल्या शरीराबद्दल ठरवायचा हक्क आपला आहे.

शेवटी मी आजींच्या ओट्यावर जाऊन बसले आणि चुकले म्हणाले. त्यांनी लसीचं काही काढलंच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे गाढ झोपलेले. नंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस. "जो येई तो विचारी, घरातले किती गेले? कुणी अंगठा घेई, कुणी फोटो काढी. तुला काय पाहिजे, असं कुणी विचारलं नाही. तुझं बोलणं ऐकलं आन् तीच रांग आठवली."

भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. घरोघर जाऊन नीट समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणजे ही रीत आपल्या भागाला नवी नाही.

आजही नांदेड-लातूरकडची कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि लेकरांचे डोस चुकतात. आपल्या गटानं एवढं करावं. जाणाऱ्या आईजवळ लेकराचं लसीचं कार्ड आहे का ते बघावं. पुढचा डोस कधी, तो दुसऱ्या गावीही फुकट मिळतो, हे सांगावं. लस कशाची आहे, ताप आला तर काय करायचं, हे आशाताईंकडून टोचायच्या आधी समजून घ्यावं. दुःखातून आलेल्या बाईला चारचौघांत प्रश्न विचारू नयेत. आणि लसीची गाठ रेशनशी, कर्जाशी कधीच मारू नये.

आजींनी पुढं लस घेतली. आशाताईंनी सगळं सांगितल्यावर, स्वतःच्या दारात, स्वतः हात पुढं करून. कर्जाच्या यादीत त्यांचं नाव आम्ही आधीच घातलं होतं.