ठाण्याचे स्थानक, कामताचे घर

रेल्वेच्या पहिल्या काळातली ठाण्याची छायाचित्रे पाहताना बहुतेकांची नजर खाडीवरच्या कमानींच्या पुलाकडे जाते. माझी अडकते ती खालच्या ओळीत. तिथे इंग्रजी अक्षरांत गावाचे नाव असते 'टन्ना'. आपला 'ठ' आणि 'ण' दोन्ही त्या लिपीला पेललेले नाहीत, पण मूळ लपत नाही. संस्कृत 'स्थान', प्राकृत 'ठाण', मराठी 'ठाणे'. उठणे, ठेवणे, ठाव ही सगळी त्याच घरची. 'स्थल'चे मात्र 'थळ' झाले, 'ठळ' नव्हे. अलिबागजवळचे थळ याची साक्ष देते. एकाच 'स्थ'ने दोन वाटा का धराव्यात? बोलीबोलींतला फरक असावा.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली आणि गावाला 'स्टेशन' मिळाले. हा शब्द लॅटिन 'स्टातिओ'चा; त्यातला उभे राहण्याचा धातू आणि आपला 'स्था' सख्खे भाऊ. म्हणजे 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. पोलिसांच्या बाबतीत 'स्टेशन' आणि 'ठाणे' आपण सहज अदलाबदलीने वापरतो, तेही व्युत्पत्तीला धरूनच. 'ठाणेदार'मधला फारसी 'दार'सुद्धा परका नाही, तो 'धृ' धातूचा इराणी नातलग.

पण खरी गंमत पुढेच आहे. 'स्टेशन'ला मराठी प्रतिशब्द रुळला तो 'स्थानक'. आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचे नाव काय? 'श्रीस्थानक'! आज फलाटावर 'ठाणे स्थानक' अशी घोषणा होते, तेव्हा हजार वर्षांपूर्वीचे नाव नकळत परत उच्चारले जाते. शिलाहार अपराजिताचा शके ९१९ चा एक ताम्रपट तर भिवंडी तालुक्यातल्या भादाण्यालाच मिळालेला आहे.

१८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला गेला. भिवंडी बाजूला राहिली. पुढे वसई-दिवा मार्गावर तिला स्टेशन आले, तेही 'भिवंडी रोड'. त्याच अंगाचे कामतघर. वऱ्हाळ तलावाचे कामतघर म्हटले की जागा डोळ्यांपुढे येते, नाव मात्र उलगडावे लागते. 'कामत' हे आडनाव आहेच, पण मालकाने स्वतः राबवून घेतलेल्या शेतीलाही 'कामत' म्हणत. कानडीत 'कमत' म्हणजे शेती. तिच्या मुळाशी कौटिल्याचा 'कर्मान्त' असावा, असे मला वाटते. पालीत 'कम्मन्त' शेतीकामालाही लागतो; अनुस्वार तेवढा वाटेत गळाला असावा. तसे असेल, तर कामतघर म्हणजे घरच्या शेतीवरचे घर.

कौटिल्याचा 'कर्मान्त' मात्र शेतापुरता नाही, तो माल घडवण्याच्या जागेलाही लागतो. आता फारसी 'कारखाना' फोडून पाहा. 'कार' हा आपल्या 'कृ'चा सोयरा आणि 'खाना' म्हणजे घर. कामतघर आणि कारखाना, दोन्ही समास एकाच साच्यातले दिसतात! यंत्रमागांच्या भिवंडीत हे नाव किती शोभते!

वाचकहो, घरातल्या जुन्या फोटोंची नक्कल काढाल तेव्हा मागच्या बाजूचीही काढा. गावाचे नाव तिथे कुणीतरी आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते, आणि शब्दाचा माग काढणाऱ्याला तेच हवे असते.