चार गोलांचा मानकरी

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख हिंगोलीकरांच्या परिचयाची आहे. हैदराबाद राज्य संपले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीची राजधानी हैदराबादऐवजी मुंबई झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, दूर मेलबर्नच्या मैदानावर हैदराबाद आणि मुंबई यांची आणखी एक गाठ पडली. प्रशिक्षक हैदराबादचे होते, सेंटर फॉरवर्ड मुंबईचा. पहिल्या गाठीचा इतिहास आपण पाठ केला. दुसरीचा विसरून गेलो.

त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा. घराणे मूळचे गोव्यातील बारदेशातल्या आसगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि पोटापाण्यासाठी कित्येक गोवेकर कुटुंबे मुंबईत येत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळू लागले. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

आपल्याकडे फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा समोरासमोर उभ्या ठाकल्या त्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स करंडक सुरू झाला. हळूहळू चेंडू आपल्या पोरांच्या पायी आला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत येऊन तो करंडक नेला. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. मेलबर्नला भारताचा संघ त्यांच्याच हाती होता.

आधीच्या ऑलिंपिकची आठवण कडू होती. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले होते. आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. चार वर्षांनी संघ बूट घालून उतरला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार झाली आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया आला.

नवव्या मिनिटाला नेव्हिलनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर नेव्हिलनी तिसरा गोल मारला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला. उपांत्य फेरी गाठणारा आशियातील पहिला देश आपला ठरला.

उपांत्य सामना त्याच युगोस्लाव्हियाशी. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिलनी गोल करून भारताला १-० असे पुढे नेले. जिथे चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्ले, त्याच संघापुढे काही मिनिटे का होईना, आपण आघाडीवर होतो! पुढे युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले. पदक हुकले. मात्र चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. बाकीचे दोघे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाचे.

पदक मिळाले असते तर शाळेच्या पुस्तकात एखादा धडा आला असता. चौथ्या क्रमांकाला धडा नसतो. पूर्ण वेळ धंदा म्हणून फुटबॉल खेळावा असे दिवस तेव्हा नव्हते. १९८० मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, नेव्हिल यांचे निधन झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा फुटबॉल संघ पुन्हा ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. त्यामुळे ते चार गोल आजही एकटेच उभे आहेत.

रहीम १९६३ मध्ये गेले. अलीकडे, २०२४ साली, त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि ते नाव नव्या पिढीच्या कानावर पडले. नेव्हिल यांचे नावही पडायला हवे. हिंगोलीच्या मैदानावर संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या मुलांना परदेशी खेळाडूंची नावे तोंडपाठ असतात. त्यात काही वाईट नाही. फक्त त्या यादीत हे एक नाव कुणीतरी वडीलधाऱ्याने घालून द्यावे, एवढेच मागणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)