कंपनीचा व्यापार आणि राजाच्या तोफा

पेण आणि रोहें यांच्या दरम्यान निडी नांवाचें लहानसें गांव आहे. जवळच्या रोह्यावरून वाहणारी कुंडलिका चौल-रेवदंड्याशीं समुद्रास मिळते. याच किनाऱ्यावर १७२१ सालीं एक विलक्षण भागीदारी उभी राहिली. कान्होजी आंग्र्यांचें आरमार मोडण्याकरितां मुंबईकर इंग्रज कंपनीनें पोर्तुगीजांशीं तह केला आणि इंग्लंडच्या राजाचा कॉमोडोर मॅथ्यूज आपलीं जहाजें घेऊन तिच्या मदतीस आला. कंपनी म्हणजे लंडनच्या भागीदारांची खासगी पेढी. पण तिच्यासाठीं तोफा डागल्या त्या राजाच्या. कुलाब्यावरील तो हल्ला फसला. बाजीराव धांवून आले व पोर्तुगीजांनीं वेगळा तह केला. पेढी आणि राजसत्ता यांची जोडी मात्र कायम राहिली.

पुढें १७५५ च्या मार्चांत खुद्द नानासाहेब पेशव्यांनीं तुळाजी आंग्र्याविरुद्ध याच कंपनीचा हात धरला. १७५६ च्या फेब्रुवारींत राजाचा ॲडमिरल वॉटसन व कंपनीचा सेनानी क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. मोहिमेस निघण्यापूर्वींच मुंबईंत बसून त्यांनीं लुटीचे वांटे ठरविले होते. त्यांत पेशव्यांचें नांव नव्हतें. सुमारें दहा लाखांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली. आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. किल्ला सोडण्यास कंपनीनें ऑक्टोबरपर्यंत टाळाटाळ केली आणि बाणकोट पदरांत पाडून घेतलें. त्याच वर्षाच्या अखेरीस ही जोडी बंगाल्यांत उतरली; १७५७ त प्लासी घडली.

१७८४ च्या कायद्यानें या गुप्ततेस राजमान्यताच दिली. लढाई व तह यांविषयींचे सरकारी बोर्डाचे गुप्त हुकूम कंपनीच्या अवघ्या तीन डायरेक्टरांच्या समितीमार्फत हिंदुस्थानांत जात. इतर डायरेक्टरांसही ते दाखवीत नसत.

तुळाजीनें पेशव्यांस त्रस्त केलें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु व्यापारी समजून ज्यास घरांत घेतलें, त्याच्या पाठीशीं कोणाचें आरमार आहे हें पेशव्यांनीं पाहिलें नाहीं, आणि मराठ्यांचा समुद्र गेला. २०१३ सालीं अमेरिकेचें हेरखातें खासगी कंपन्यांजवळील लोकांची माहिती गुपचूप मिळवीत असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां जग चकित झालें. कोंकणच्या किनाऱ्यास त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. पेढीच्या हिशेबाची वही आणि राज्याची तलवार एकाच कुलपांत ठेवलीं गेलीं, म्हणजे त्या कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे, हें विचारणें प्रजेचें कर्तव्यच होय.