वॉशबर्न, कॅडवॉलडर कोल्डन
(२२ एप्रिल १८१८ – १४ मे १८८२). अमेरिकन जमीन-व्यापारी, पीठगिरणीमालक व विस्कॉन्सिन राज्याचा गव्हर्नर. जन्म मेन राज्यातील लिव्हरमोर येथे. वडिलांचे दुकान १८२९ मध्ये बुडाले आणि मुलांना लवकर घराबाहेर पडावे लागले. त्या पडझडीतून निघालेले हे भाऊ पुढे कुठल्या कुठे पोचले. इझ्रायल मेनचा गव्हर्नर झाला, एलिह्यू अमेरिकेचा फ्रान्समधील वकील आणि धाकटा विल्यम मिनेसोटाचा सिनेटर. १८५५ ते १८६१ या काळात इझ्रायल, एलिह्यू व कॅडवॉलडर हे तिघे तीन वेगवेगळ्या राज्यांतून एकाच वेळी काँग्रेसमध्ये होते.

कॅडवॉलडर १८४२ मध्ये विस्कॉन्सिनमधील मिनरल पॉइंट या शिशाच्या खाणींच्या गावी वकिली करण्यास आला. पैसा मात्र वकिलीत नव्हता, जमिनीत होता. सायरस वुडमन या भागीदाराबरोबर त्याने सरकारी जमिनींची खरेदी-विक्री केली व पेढी काढली. पुढे ला क्रॉस येथे लाकडाच्या धंद्यातही तो उतरला. घरात सुख नव्हते. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर पत्नी जॅनेट हिचे मानसिक संतुलन ढळले व तिचे उर्वरित आयुष्य संस्थांमध्ये गेले.

यादवी युद्धात तो उत्तरेकडून लढला व मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्याची लष्करी कारकीर्द लक्षात राहिली ती एका फजितीमुळे. २१ ऑगस्ट १८६४ रोजी पहाटे दक्षिणेचा घोडदळ-सेनानी नेथन बेडफर्ड फॉरेस्ट मेम्फिस शहरात घुसला, तेव्हा तेथे असलेल्या वॉशबर्नला रात्रीच्या कपड्यांतच किल्ल्याकडे धाव घ्यावी लागली. गणवेश शत्रूच्या हाती पडला. फॉरेस्टने तो परत पाठवला आणि वॉशबर्नने त्याची परतफेड म्हणून फॉरेस्टसाठी नवा करडा गणवेश शिवून घेतला.

युद्धानंतर तो पुन्हा काँग्रेसमध्ये गेला (१८६७–७१). अलास्काच्या खरेदीला त्याने विरोध केला. हा विरोध पुढे सपशेल चुकीचा ठरला. तारयंत्रणा खाजगी कंपन्यांच्या हातून काढून टपाल खात्याकडे द्यावी, हाही त्याचा आग्रह होता. गिरणीमालकाच्या तोंडी हे थोडे अनपेक्षित, पण मक्तेदारीचा त्याला खरोखरच तिटकारा असावा.

१८७२ ते १८७४ अशी दोन वर्षे तो गव्हर्नर होता. त्याने सही केलेल्या ग्रॅहॅम कायद्यामुळे दारू विकणाऱ्याला दोन हजार डॉलरचा जामीन देणे भाग पडले. बिअरवर पोसलेल्या जर्मन वस्तीला हे मानवणे शक्यच नव्हते. १८७३ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट व असंतुष्ट शेतकऱ्यांच्या आघाडीचा उमेदवार विल्यम टेलर याने त्याला पाडले.

त्याचे खरे काम शेजारच्या राज्यात, मिनीॲपोलिस येथे, मिसिसिपीच्या सेंट अँथनी धबधब्याकाठी झाले. १८६६ मध्ये त्याने तेथे एवढी मोठी गिरणी उभारली, की एवढे पीठ खाणार कोण, असे म्हणून लोकांनी तिला ‘वॉशबर्नचा वेडेपणा’ म्हटले. १८७४ ची ‘ए’ गिरणी त्याहूनही मोठी होती. अडचण गव्हाचीच होती. त्या भागातला वसंत ऋतूत पेरलेला गहू कठीण, त्याचा कोंडा ठिसूळ. जात्याखाली त्याचा चुरा होऊन पीठ काळपट पडे. हवेच्या झोताने व चाळण्यांनी रव्यातून कोंडा वेगळा काढणारे यंत्र वॉशबर्नच्या गिरणीत बसवले गेले आणि याच गव्हाचे पांढरेशुभ्र पीठ बाजारात भाव खाऊ लागले.

पण त्या झोताने पिठाची धूळही उडे. पिठाच्या गिरणीत भुवया पांढऱ्या करणारी ती निरुपद्रवी वाटणारी धूळ कोंडलेल्या हवेत पुरेशी साठली, की ठिणगी पडताच बारुदासारखी पेटते. २ मे १८७८ रोजी संध्याकाळी ‘ए’ गिरणीचा स्फोट झाला. अठरा माणसे मेली, शेजारच्या गिरण्याही गेल्या. कोरडी चाललेली जाती एकमेकांवर घासून ठिणगी उडाली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्या वेळी मिनेसोटाचा गव्हर्नर होता जॉन पिल्सबरी; म्हणजे प्रतिस्पर्धी गिरणीवाल्यांच्या घरातलाच माणूस. वॉशबर्नने गिरणी पुन्हा बांधली. या वेळी धूळ बाहेर काढणारी यंत्रे व जात्यांऐवजी पोलादी रूळ होते. भागीदार जॉन क्रॉस्बीसह चालवलेल्या त्याच्या कंपनीच्या पिठाला १८८० मध्ये सिनसिनाटीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्यावरूनच ‘गोल्ड मेडल’ हे पिठाचे नाव पडले.

मॅडिसन येथील विद्यापीठाला त्याने वेधशाळा बांधून दिली व मिनीॲपोलिसमधील अनाथालयासाठी मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली. आर्कान्सामधील युरेका स्प्रिंग्ज येथे त्याचे निधन झाले. दफन ला क्रॉस येथे. त्याच्या कंपनीतून १९२८ मध्ये ‘जनरल मिल्स’ उभी राहिली. भारतीय घरांत पाकीटबंद आट्यामुळे परिचित झालेले पिल्सबरी हे नाव २००१ मध्ये याच जनरल मिल्सने विकत घेतले. ‘ए’ गिरणी १९९१ मध्ये पुन्हा जळाली. तिच्या उभ्या राहिलेल्या भिंतींत २००३ पासून गिरणी-संग्रहालय आहे.