बेडफर्डचं विलायती लोखंड

सावर्ड्याच्या हमरस्त्यावरून जांभ्याचा डंपर गेला की जुना ट्रकवाला हटकून म्हणणार, “हा सगळा पत्रा. ट्रक म्हणजे बेडफर्ड. विलायती लोखंड, म्हणून टिकला.” कामथ्याचा घाट भरल्या गाडीनं चढलेल्या माणसाचं मत हसण्यावारी नेऊ नये. पण त्यातला ‘म्हणून’ तपासावा लागतो.

विलायती म्हणाल, तर बेडफर्ड इंग्लंडमधल्या लूटनच्या व्हॉक्सहॉलचा, आणि व्हॉक्सहॉल 1925 पासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. 1931 चा पहिला बेडफर्ड शेवरोलेवरूनच बेतलेला. पुढे तर हिंदुस्थान मोटर्सनं बंगालमध्ये उत्तरपाड्याला बेडफर्ड बांधले. आठवणीतला ‘इंग्रज’ कित्येकदा बंगाली असायचा.

लोखंडाची गोष्ट याहून मजेदार. 1930 च्या ब्रिटिश कायद्यानं रिकामं वजन अडीच टनांच्या आत असलेल्या मालमोटारीला ताशी 30 मैलांची मुभा दिली. त्यापुढच्या जड गाडीला 20 मैलच, आणि ती अट 1957 पर्यंत टिकली. करसुद्धा रिकाम्या वजनावर. साहजिकच कारखानदारांची सगळी अक्कल लोखंड कमी करण्यात खर्ची पडली. हलक्या गाडीवर जास्त माल, हाच बेडफर्डचा धंदा. ज्या जाडजूडपणाचे आपण गोडवे गातो, तो टाळण्यासाठीच ही गाडी जन्मली!

मग टिकलं काय? रचना साधी होती, तालुक्याच्या गावचा मेस्त्रीही इंजिन खोलू शके. हे श्रेय इंग्रज अभियंत्यांचं, नि:संशय. पण बॉडी इथलीच. 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर एसटी सुरू झाली, तीही बेडफर्डच्या चेसिसवरच्या लाकडी बॉडीनं. पेट्रोल इंजिन थकलं की पर्किन्सचं डिझेल बसायचं, पाटे वाढवले जायचे, फाळका सुतार नवा करायचा. एवढं झाल्यावर टिकाऊपणाचं श्रेय लूटनला किती द्यायचं? शिवाय जे बेडफर्ड लवकर मोडले ते भंगारात गेले. त्यांची आठवण कोण काढतो?

विलायतीपणच टिकवत असेल, तर लेलँडचं उदाहरण घ्या. 1948 ची अशोक मोटर्स 1955 मध्ये अशोक लेलँड झाली आणि आजही ट्रक बनवते. तिकडे विलायतेतली मातृसंस्था लेलँड 1975 मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली, 1987 मध्ये तिचा ट्रकधंदा डच डाफकडे गेला. त्याच वर्षी बेडफर्डचा डन्स्टेबलचा कारखाना विकला गेला. घेणाराही 1992 मध्ये बुडाला.

आणि तुलना आजच्या डंपरशी कशाला? बेडफर्डचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच काळातला: 1954 पासून टेल्कोनं जमशेदपूरला बांधलेला डिझेलवरचा मर्सिडीज-बेंझ. भारतीय मालवाहतुकीचा बाजार त्यानं जिंकला, आणि तोही जर्मन आराखड्यावर.